जुन्या पानांतले टॅग काढताना मजकूर कुठे हरवतो

आलेला प्रश्न थोडक्यात असा. राजारामपुरीतल्या एका छापखान्यातून साप्ताहिक निघतं. २००३ ते २०१२ या काळातले अंक त्यांनी तेव्हा वेबसाइटवर चढवले होते. वेबसाइट केव्हाच बंद पडली, पण एचटीएमएल पानं (मजकुरात कोनी कंसांतल्या खुणा, म्हणजे टॅग, पेरलेली) सीडीवर शिल्लक आहेत, चारेक हजार. त्यांतला नुसता मजकूर बाहेर काढून तो शोधता येईल असा करायचाय. मालकांच्या मुलाने नोटपॅड प्लस प्लसमध्ये <.*?> हा नमुना ('कोनी कंसात जे काही असेल ते') शोधायला दिला, बदल्यात काहीच दिलं नाही आणि 'रिप्लेस ऑल' दाबलं. आता शब्द एकमेकांना चिकटलेत, जागोजागी &एनबीएसपी; दिसतंय, काही पानांच्या डोक्यावर 'नॉर्मल ० फॉल्स फॉल्स फॉल्स' असं इंग्रजीत उमटलंय आणि शंभरेक पानं म्हणजे नुसती रोमन अक्षरांची खिचडी आहे. मागणी अशी: 'दादा, टॅग काढायचा एका ओळीचा पक्का कोड सांगा.'

भावा, एका ओळीचा कोड तू वापरलासच की. त्याने जे व्हायचं तेच झालं.

सगळ्यात आधी एक विचारतो, सीडीवरच्या मूळ फायली तशाच आहेत ना? 'रिप्लेस ऑल' करून त्याच फायली सेव्ह केल्या असशील तर त्या प्रती बाजूला ठेव, त्यांचा आता उपयोग नाही. सीडीवरून पुन्हा कॉपी काढ आणि त्या फोल्डरला फक्त वाचायची परवानगी दे. ह्या कामात मूळ पानावर आपण सात-आठ वेळा परत येतो. मी वीस वर्षं हेच करतोय आणि अजून एकदाही पहिल्या फेरीत काम संपलेलं नाही.

आता टॅगकडे बघू. आपल्याला वाटतं टॅग म्हणजे उसाचं पाचट, सोलून टाकलं की रस मोकळा. पण ह्या पानांत टॅग बरंच काही सांगत असतो: इथे ओळ संपली, इथे रकाना बदलला, हा मजकूर अमुक फॉन्टमध्ये वाचायचा. हे तो जागच्या जागी सांगतो आणि मजकुरात ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं. तू टॅग पुसलास म्हणजे ते सांगणंही पुसलंस. त्यामुळे काढण्याआधी प्रत्येक टॅगचं म्हणणं मजकुरात उतरवून घ्यायचं, मग काढायचा. खाली जे लिहितोय ते सगळं ह्याचंच आहे. (टॅगची नावं इथे मी देवनागरीत लिहितो, फायलीत ती रोमन असतात हे तुला माहीतच आहे.)

तुझ्या नमुन्यातला पहिला घोटाळा साधा आहे. त्यातला बिंदू, म्हणजे 'कुठलंही एक अक्षर', नवी ओळ ओलांडत नाही, खाली 'डॉट मॅचेस न्यूलाइन'वर टिक केली नसेल तर. त्या काळातली पानं बनवणारी सॉफ्टवेअरं लांब टॅग दोन-दोन ओळींत तोडायची. असे टॅग तुझ्याकडे अर्धे-मुर्धे राहिले असतील. <[^>]*> हा नमुना ओळी ओलांडतो, पण तोही चित्राच्या पर्यायी मजकुरात '५ > ३' असं काही आलं की तिथेच टॅग संपला असं समजतो. शिवाय स्क्रिप्ट आणि स्टाइल ह्या टॅगांच्या पोटात जे असतं ते दोन्ही नमुन्यांना दिसतच नाही. टॅग जातात, पोटातला कोड मजकूर म्हणून मागे राहतो.

'नॉर्मल ० फॉल्स फॉल्स फॉल्स' हे याचंच भावंड. वर्डमधला मजकूर उचलून थेट पानात चिकटवला की त्याच्यासोबत एक लपलेली टिप्पणी येते, <!-- ने सुरू होणारी. त्या टिप्पणीच्या आत वर्डने स्वतःची सेटिंगं टॅगांमध्ये गुंडाळून ठेवलेली असतात: पानाचं दृश्य (व्ह्यू) नॉर्मल, झूम शून्य, अमुक बंद, तमुक बंद. ब्राउझर ही आख्खी टिप्पणी गिळतो, म्हणून वाचकाला कधी दिसली नाही. तुझ्या नमुन्याला ती टिप्पणी आहे हेच कळलं नाही. त्याने आतले टॅग एकेक करून काढले आणि सेटिंगं उघड्यावर पडली. मराठीतल्या कितीतरी संग्रहांत लेखाच्या सुरुवातीला मी हे 'नॉर्मल ०' पाहिलंय. लोक ते हाताने खोडत बसतात.

म्हणून नमुना सोड, पार्सर घे. पार्सर म्हणजे ब्राउझरसारखं पान वाचून त्याचं झाड उभं करणारा प्रोग्रॅम: कोणता टॅग कोणाच्या पोटात, कुठे सुरू, कुठे बंद. एचटीएमएल ५ च्या मानकाने मोडक्या, न बंद केलेल्या टॅगांचं काय करायचं हेसुद्धा पायरी-पायरीने ठरवून दिलंय, त्यामुळे चांगला पार्सर कितीही गबाळ्या पानाचा ब्राउझर लावतो तोच अर्थ लावतो. पायथन येत असेल तर ब्यूटिफुल सूप ही लायब्ररी घे आणि त्याच्या आत इंजिन म्हणून एचटीएमएल५लिब लाव. ते सावकाश चालतं, पण ब्राउझरच्या सगळ्यात जवळ जातं. चार हजार पानांना वेळ लागला तर गंगावेशेत दूध पिऊन ये. पीएचपीतलं स्ट्रिप-टॅग्ज मात्र ह्या कामाला नको. ते काही झाड वगैरे बांधत नाही. '<' नंतर जागा न सोडता काही आलं की टॅग सुरू झाला असं धरतं. 'वय <१८ असलेल्यांना प्रवेश नाही' हे वाक्य त्याला दिलं आणि पुढे कुठे '>' आलंच नाही, तर 'वय'च्या पुढचं सगळं गेलं.

पार्सर घेतला की टिप्पण्या, स्क्रिप्ट, स्टाइल हे विषय दोन ओळींत संपतात. ते भाग झाडावरून छाटून टाकायचे. खरी मेहनत पुढे आहे.

ती म्हणजे मोकळ्या जागेची. पुराच्या अंकाचं उदाहरण घे, २००५ चे अंक तुझ्याकडे असणारच. समजा तक्त्यात एक ओळ आहे: पहिल्या रकान्यात 'राजाराम बंधारा', दुसऱ्यात इशारा पातळी ३९, तिसऱ्यात धोका पातळी ४३. रकान्यांमध्ये जागा नसते, नुसते टीडी टॅग असतात. ते पुसले की उरतं 'राजाराम बंधारा३९४३'. पंचगंगा ३९४३ फुटांवर! तीच गत मथळ्याची: 'पाणी ओसरलेकोल्हापूर, दि. ५'. मग माणूस म्हणतो, ठीक आहे, प्रत्येक टॅगच्या जागी एक स्पेस टाकू. ब्यूटिफुल सूपमध्ये तशी सोयही आहे, मजकूर काढताना मधला विभाजक म्हणून स्पेस द्यायची. इंग्रजीवाल्यांचं बऱ्यापैकी भागतं त्यावर. आपलं नाही भागत.

का, ते बघ. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि टॅग मात्र मूळ शब्दापुरता लावलेला असतो. पान बनवणाऱ्याने लिंक दिली ती 'पंचगंगे' एवढ्यावर, 'च्या' बाहेर राहिला. मूळ असं: <ए>पंचगंगे</ए>च्या पाण्याने. टॅगच्या जागी स्पेस आली की 'पंचगंगे च्या पाण्याने'. हे निदान वाचता तरी येतं. कोणी 'कोल्हापूर' ठळक केलं आणि 'ात' बाहेर ठेवलं की काना एकटा पडतो. पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेला काना दिसतो, आणि 'कोल्हापुरात' किंवा 'कोल्हापूरात' काहीही शोधलं तरी ते पान सापडत नाही. काही जण पहिलं अक्षर मोठं करायचे, मासिकासारखं दिसावं म्हणून: <स्पॅन>को</स्पॅन>ल्हापूर. त्याचं 'को ल्हापूर' होतं.

तेव्हा टॅगांच्या दोन जाती वेगळ्या कर. परिच्छेद, मथळा, डिव्ह, यादीतली नोंद, तक्त्याची ओळ ही ओळ तोडणारी जात, तिच्या आधी आणि नंतर नवी ओळ. बीआर म्हणजे एक नवी ओळ. ती कवितेत आणि पत्त्यात फार महत्त्वाची, वाचकांच्या कवितांचं पान असेलच तुमच्याकडे. तक्त्याच्या रकान्यामागे टॅब टाक, म्हणजे उद्या तो तक्ता एक्सेलमध्ये उघडता येतो. ठळक, तिरपं, लिंक, स्पॅन, फॉन्ट ही ओळीच्या आत वाहणारी जात, तिच्या जागी काहीही टाकायचं नाही, एक स्पेससुद्धा नाही. विभाजक रिकामा ठेवायचा आणि नव्या ओळी आपण स्वतः, टॅग ओळखून, झाडातच घालायच्या.

इथे क्रम चुकतो तो बहुतेकांचा चुकतोच. मूळ फायलीतही नव्या ओळी असतात, सत्तर-ऐंशी अक्षरांवर एडिटरने मोडलेल्या. ब्राउझरच्या लेखी त्या म्हणजे एक साधी स्पेस. म्हणून आधी मजकुराच्या प्रत्येक तुकड्यातल्या मूळच्या नव्या ओळी, टॅब, दोन-दोन स्पेस हे सगळं एका स्पेसवर आण, आणि मगच आपल्या नव्या ओळी घाल. उलट केलंस तर तुझ्या ओळी आणि एडिटरच्या ओळी एकमेकींत मिसळतील आणि नंतर कोणालाच त्या वेगळ्या करता येणार नाहीत. फक्त प्री टॅगच्या आतलं जसंच्या तसं ठेवायचं.

सुप टॅग, म्हणजे वर चढवलेलं छोटं अक्षर, ह्या दोन्ही जातींत नीट बसत नाही. शाहू महाराजांवरच्या लेखात '२६ जुलै १९०२' ह्या आरक्षणाच्या आदेशाच्या तारखेला तळटीप क्रमांक १ दिलेला असेल, तर टॅग गेल्यावर साल होतं १९०२१. मी सुपचा आकडा चौकटी कंसात टाकतो. तळटिपा नकोच असतील तर तो भाग आख्खा छाटायचा.

आणखी एक वस्तू टॅगसोबत गुपचूप जाते, ती म्हणजे चित्रातला मथळा. त्या काळात फॉन्टची कटकट नको म्हणून पुष्कळ जण मथळा फोटोशॉपमध्ये करून जिफ चित्र म्हणून लावायचे. चित्राचा टॅग काढला की लेख बिनडोक्याचा. पर्यायी मजकूर म्हणजे आल्ट भरलेला असेल तर तो उचलायचा. तो नसला तर टायटल टॅग बघायचा, आणि तोही कोरा असेल तर चित्राच्या फायलीचं नाव तरी नोंदवून ठेवायचं, म्हणजे नंतर कोणीतरी बसून मथळे टाइप करू शकेल.

आता &एनबीएसपी; कडे. ह्यांना एंटिटी म्हणतात. '<' स्वतः मजकुरात लिहायचं तर &एलटी; लिहावं लागतं, '&' साठी &एएमपी;. कधी आख्खी मराठी अक्षरंच आकड्यांत लिहिलेली असतात, &#२३५० म्हणजे 'म'. पार्सर हे सगळं आपोआप सोडवतो, एकदाच. 'एकदाच'वर मी जोर देतोय, कारण ह्यात मी स्वतः पोळलोय.

एका तरुण मंडळाच्या स्मरणिकेचं काम होतं. मजकूर कृतिदेवमध्ये टाइप केलेला. कृतिदेव हा युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) न पाळणारा जुना फॉन्ट, त्यात मराठी अक्षराच्या चित्रामागे खरं अक्षर रोमनच असतं किंवा विरामचिन्ह असतं. मी घाईत आधी एंटिटी सोडवल्या आणि मग टॅग काढले. फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून बघतो तर 'मिरवणुकीत ढोल, ताशे आणि झांजपथक होते' ह्याचं झालं होतं 'मिरवणुकीत ांजपथक होते'. बराच वेळ डोकं खाजवत होतो. मग ट्यूब पेटली. कृतिदेवमध्ये 'ढ' म्हणजे '<' आणि 'झ' म्हणजे '>'! ढोलाच्या ढपासून झांजेच्या झपर्यंत सगळं त्याने टॅग समजून खाल्लं होतं. आणि कोल्हापुरातल्या मंडळाची स्मरणिका म्हटल्यावर ढोल आणि झांज पानापानावर. मूळ फायलीत ती चिन्हं &एलटी; आणि &जीटी; म्हणून सुखरूप बसली होती, मीच त्यांचं कवच आधी काढलं. गुऱ्हाळात गुळव्या भेंडीचं पाणी घालतो, मळी वर येते, मग ती काढतो. आधी झारा फिरवून काय हाताला लागणार? इथेही तसंच. आधी झाड बांधायचं, टॅग टॅगाच्या जागी ओळखायचे, एंटिटी तिथेच सुटतील. आणि जो मजकूर बाहेर आला त्यावर पुन्हा टॅग काढायची फेरी मारायची नाही.

एंटिटी सुटल्या की &एनबीएसपी; ची जागा दिसेनाशी होते, पण तिथे साधी स्पेस नसते. दिसायला स्पेसच, आतला क्रमांक वेगळा. 'शाहू महाराज' शोधशील आणि मध्ये ती न तुटणारी स्पेस असेल तर सापडणार नाही. ती साध्या स्पेसमध्ये बदल. सॉफ्ट हायफन, शून्य रुंदीची स्पेस, फायलीच्या तोंडाशी येणारं बॉम चिन्ह हेही काढून टाक. इथवर बिनधास्त.

पण इथून पुढे हात आवर. 'न दिसणारी सगळी चिन्हं काढा' असा कोड तुला पुष्कळ ठिकाणी तयार मिळेल आणि तो मराठीचा घात करतो. न दिसणाऱ्यांत दोन आपली माणसं आहेत: झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे, जोडणारं आणि जोडू न देणारं. जुन्या कीबोर्डांवर 'ऱ्या' लिहायला र, हलन्त, झेडडब्ल्यूजे, य अशी रचना व्हायची. त्यातलं ते अदृश्य चिन्ह उडालं की र वर चढतो, रफार होतो. एका केटरिंगवाल्याच्या पानांवर मी ही सफाई केली होती. 'आचाऱ्यांनी पहाटेच तांबडा रस्सा चढवला' असं मूळ वाक्य. माझ्या सफाईनंतर 'आचार्यांनी पहाटेच तांबडा रस्सा चढवला'. गिऱ्हाइकाला राग आला नाही, तो हसत सुटला, पण मला रात्रभर बसून सगळी पानं पुन्हा काढावी लागली. 'दऱ्या' आणि 'दर्या' ह्यांचंही तेच, सह्याद्रीच्या दऱ्यांत फिरायला गेलेला माणूस समुद्रात पोचतो. ऱ हे वेगळं अक्षर वापरून लिहिलेलं असेल तर धोका नाही, पण तुझ्या दहा वर्षांच्या फायलींत दोन्ही पद्धती सापडतील. मी पहिल्या रचनेतलं र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हे त्रिकूट ऱ आणि हलन्त असं बदलून घेतो. म्हणजे शोधताना एकच रूप राहतं आणि पुढे कोणी अदृश्य चिन्हं झाडली तरी शब्द शाबूत.

ओघात आलंय म्हणून सांगतो. 'ॲ'चीही दोन रूपं आहेत. एक स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसरं 'अ'वर चंद्र ठेवून केलेलं. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण चालवलं की ही एक होतील असं वाटतं, पण होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ती समान नाहीत. 'ॲडव्होकेट' शोधताना निम्मी पानं गायब असतील तर हे कारण. बदल स्वतः करायचा.

आता ती शंभर पानं, रोमन खिचडीची. ती खराब झालेली नाहीत. म्हणजे तुझ्या कॉपीत झालीत, सीडीवर ठीक आहेत. २००३-०४ च्या सुमाराला मराठी संकेतस्थळं सर्रास स्वतःचा फॉन्ट वापरायची. काही जण तो फॉन्ट वाचकाला उतरवून घ्यायला लावायचे, काही जण फॉन्टची ईओटी फाइल पानाला जोडून इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आपोआप दाखवायचे. फायलीत अक्षरं रोमन, त्यांना मराठी दिसवायचं काम फॉन्टचं. आणि कोणता फॉन्ट हे लिहिलेलं असतं फॉन्ट टॅगच्या फेस ह्या गुणधर्मात, नाहीतर स्टाइलशीटमध्ये. तू टॅग पुसलेस तेव्हा फेस गेला आणि कोणत्या तुकड्याला कोणती शैली लागायची हेही गेलं. कुलूप हातात आहे, किल्ली पंचगंगेत.

ह्या पानांसाठी झाडावरून मजकूर उतरवायच्या आधीच फॉन्टचं काम करावं लागतं. प्रत्येक तुकडा कोणत्या फॉन्टखाली येतो ते वरच्या टॅगांतून बघायचं. जुन्या मराठी फॉन्टखाली असेल तरच कन्व्हर्टर, म्हणजे ती अक्षरं युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, चालवायचा. एकाच परिच्छेदात 'बीएसएनएल' किंवा ईमेलचा पत्ता एरिअलमध्ये असतो. सरसकट पान कन्व्हर्टरमधून काढलंस तर त्याचीही मराठी खिचडी होते, आता उलट्या दिशेने. आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता, म्हणजे कोणत्या रोमन अक्षराचं कोणतं मराठी अक्षर ही यादी, वेगळा. शिवाजी फॉन्टचा तक्ता कृतिदेवला लागत नाही, श्रीलिपीतसुद्धा कुटुंबाप्रमाणे फरक आहेत. आधी सगळ्या फायलींतून फेसमधली फॉन्टची नावं गोळा कर, कोणतं किती वेळा आलंय ते मोज. मला वाटतं तीन-चारच्या वर फॉन्ट निघणार नाहीत.

एक बारकावा मात्र लक्षात ठेव. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. कन्व्हर्टर वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे नेतो. आता 'शिवाजी' शब्दात वेलांटीनंतर लगेच स्पॅन बंद झाला असेल आणि तू तुकड्या-तुकड्याने कन्व्हर्ट करत असशील, तर त्या तुकड्यात वेलांटीला पुढे न्यायला अक्षरच नाही. रफाराचं उलटं: तो अक्षरानंतर टाइप होतो आणि युनिकोडमध्ये आधी न्यावा लागतो. म्हणून एकाच फॉन्टचे शेजारचे तुकडे आधी जोडायचे, मग कन्व्हर्टर. ह्या एका गोष्टीने माझ्याकडच्या चुका निम्म्याहून कमी झाल्या होत्या.

पानाभोवतीचा पसारा, म्हणजे मेन्यू, 'मुखपृष्ठावर जा', पाहुण्यांचा मोजक, जाहिराती, ह्यावर मी फार बोलत नाही. अनोळखी संकेतस्थळांसाठी रीडेबिलिटी किंवा ट्राफिलाटुरासारखी साधनं आहेत. कुठल्या भागात सलग मजकूर जास्त आणि लिंका कमी, असल्या खुणांवरून ती लेखाचं अंग ओळखतात. फायरफॉक्सचा वाचन-दृश्याचा बटणही रीडेबिलिटीवरच चालतो. पण तुमची पानं तुमच्याच माणसाने एका साच्यातून काढलीत. दोन-तीन साचे असतील. प्रत्येक साच्यात लेख कोणत्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात आहे ते डोळ्यांनी बघ आणि तेवढाच रकाना घे. अंदाज बांधणाऱ्या साधनापेक्षा हे पक्कं. फक्त तारीख, अंक क्रमांक आणि फायलीचं नाव ह्यांना वेगळे रकाने दे, ते लेखाच्या मजकुरात मिसळू नको.

कोड लिहायचाच नसेल तर? पॅनडॉक आहे. एका आज्ञेत एक पान साध्या मजकुरात देतो (आख्ख्या फोल्डरसाठी ती आज्ञा प्रत्येक फायलीवर फिरवायची), ओळी मोडू नको असं सांगता येतं. तिरप्या शब्दांभोवती मात्र तो अधोरेषा घालतो, त्या नंतर काढाव्या लागतात. लिंक्स हा १९९२ पासूनचा मजकुरी ब्राउझर अजून चालतो, पण तो ओळी मोडतो आणि लिंकांना आकडे लावतो. दहा-वीस पानंच असती तर मी म्हटलं असतं, ब्राउझरमध्ये उघड, सगळं निवड, कॉपी कर, बास. ब्राउझर जागा आणि ओळी नीट देतो. ह्यातलं काहीही घेतलंस तरी जुन्या फॉन्टची शंभर पानं त्याने सुटणार नाहीत, त्यांना वरचाच रस्ता.

आणि हा स्वच्छ मजकूर पुढे पुन्हा वेबसाइटवर दाखवायचा असेल तर टॅग काढलेत म्हणजे सुरक्षित झालं असं समजू नको. दाखवताना '<' आणि '&' पुन्हा एंटिटीत बदलायचेच. एका टॅगच्या पोटात दुसरा तोडून लपवला की पहिला काढल्यावर दुसरा जुळून उभा राहतो, ही जुनी युक्ती आहे. तुमच्या जुन्या अंकांत असलं काही नसेल, वाचकांच्या प्रतिक्रियांच्या पानांत असू शकतं.

चार हजार पानं कोण वाचणार? तपासायला मी तीन चाळण्या लावतो आणि त्या तिन्ही खास आपल्या लिपीच्या जोरावर चालतात. पहिली: स्पेसनंतर लगेच काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार किंवा हलन्त आलाय का? मराठीत कुठलाच शब्द ह्यांनी सुरू होत नाही. सापडला की टॅगने शब्द तोडलाय, फॉन्ट चुकलाय किंवा ढोल-झांज झालंय. दुसरी: पंचवीस चिन्हांहून लांब शब्द. आपल्याकडे सामासिक शब्द लांब असतात, 'जिल्हाधिकारीकार्यालयासमोरील' असं कोणी लिहितं, पण तरी यादी छोटी निघते आणि चिकटलेले मथळे, रकाने तिच्यात लगेच दिसतात. देवनागरी अक्षरानंतर थेट आकडा आलेले शब्दही ह्याच यादीत घे. तिसरी: पानात रोमन अक्षरांचं प्रमाण. मराठी साप्ताहिकाच्या पानात ते निम्म्यावर गेलं तर जुना फॉन्ट राहिलाय, नाहीतर कोड आत शिरलाय. चाळणीत अडकलेली पानं बघून नियम सुधार, सगळी पानं मूळ प्रतीवरून पुन्हा काढ, पुन्हा चाळ. हाताने एकेक दुरुस्ती करू नको. पुढच्या फेरीत ती पुसली जाते आणि तुझ्या लक्षातही राहत नाही.

चाळण्यांतून सगळं निघाल्यावर प्रत्येक सालातली तीन-चार पानं उचल, डावीकडे ब्राउझर, उजवीकडे मजकूर, आणि वडिलांना वाचायला बसव. ज्यांनी तो अंक लावलाय त्यांना गाळलेली ओळ डोळे मिटूनही कळते.

सुरुवात फेसच्या यादीपासून कर. ती निघाली की फॉन्टची नावं आणि प्रत्येकातलं एकेक पान, मूळ एचटीएमएलसकट, पाठव. शिवाजी आणि कृतिदेव निघाले तर माझ्याकडे तपासलेले तक्ते आहेत. श्रीलिपी निघाली तर कुटुंब कोणतं ते आधी कळायला हवं. छापखान्यात त्या जमान्याचा कॉम्प्युटर अजून पडला असेल तर तो भंगारात घालू नका, त्याच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये किल्ली सापडेल.